तिथीचा पाऊणपट

मे महिन्याच्या सुट्टीत भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली, की माझ्यातला कॉलेजचा विद्यार्थी मागे राही. रेवसला उतरे तो अलिबागचा उनाड पोरगा! २००१ सालची गोष्ट. संकष्टीला आम्ही चौघे मित्र कुलाबा किल्ल्यात निघालो. आजोबांनी बजावले, “तिथीला तिनाने गुणावे, चाराने भागावे, येईल ती भरतीची वेळ. आज चतुर्थी, तीनला भरती. नवाला पाणी ओसरेल. अकराच्या आत परत या.” मी हसलो. पदवीच्या वर्गात होतो ना!

राघोजी आंग्र्यांनी १७५९ साली बांधलेल्या देवळात गणपतीचे दर्शन घेतले. मग तटावर गप्पा रंगल्या. खाली उतरलो तेव्हा वाट बुडाली होती. उपास मात्र खरोखरीचा घडला!

रात्री नवाच्या ओहोटीला भिजत परतलो. चंद्र अजून उगवला नव्हता. वाळूवर बॅटरी घेऊन आजोबा उभे होते. दुपारपासून तिथेच होते, हे आईने मागाहून सांगितले. मला एवढेच म्हणाले, “झाले ना पाठ?”

आता भरतीची वेळ मोबाईल सांगतो. तरी सुट्टीत घरी गेलो, की मी बोटांवर तिथी मोजतो. हिशेब अजून जुळतो. किनाऱ्यावर वाट पाहणारे मात्र कोणी नाही.