उलट उत्तराची शिक्षा

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली आणि पहिल्या आठवड्यातच एका विशिष्ट प्रकारचे व्हिडिओ घरोघरी फिरू लागले. रिकामा रस्ता, एखादी दुचाकी, आडवा आलेला पोलीस आणि पाठीत बसलेली काठी. कुणी उठाबशा काढतोय, कुणी भर उन्हात बेडूकउड्या मारतोय, आणि मागून कुणीतरी सिनेमाचं गाणं जोडून दिलेलं. आमच्या वस्तीच्या ग्रुपवर निवृत्त प्राध्यापकांपासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांनी त्यावर टाळ्यांची चित्रं टाकली होती. "असंच पाहिजे याहिले," हा त्यातला सर्वांत सौम्य अभिप्राय. एकानंही विचारलं नाही की तो माणूस औषध आणायला निघाला होता की डबा पोचवायला. तेवढी सवड कुणाला होती? भीती होती, आणि आपल्या भीतीचा मार दुसरा खातोय याचं बरंही वाटत होतं.

पुढच्या वर्षी, 7 जुलै 2021 च्या रात्री, नागपुरात पारडीला नाकाबंदी होती. भंडारा रोडवरची ही वस्ती, पूर्व नागपूरचं टोक. पस्तिशीतला एक दिव्यांग माणूस दुचाकीवरून घरी येत होता. तोंडावर मास्क नव्हता. तो थांबला नाही आणि त्याची गाडी अधिकाऱ्याला धडकली, असं पोलिसांकडून सांगण्यात आलं. त्याला तिथंच बेदम मारलं, असं घरचे आणि वस्तीतले लोक म्हणाले. दोन्ही बाजूंना मान्य असलेली गोष्ट एवढीच की त्याला ठाण्यात नेलं, तिथं त्याची शुद्ध हरपली आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेलेला होता. लोक रस्त्यावर उतरले, संबंधित पोलिसांना तिथून हलवलं गेलं, तपास सीआयडीकडे गेला. मास्क न लावण्याचा महापालिकेचा दंड तेव्हा 500 रुपये होता.

धडक बसली असेल तर तो गुन्हा आहे. त्याला कलमं आहेत, न्यायालय आहे. पण रस्त्यावर हात उगारला जातो तो बहुधा कलमाच्या हिशेबानं उगारलाच जात नाही. मी या शहराच्या चौकांत उभं राहून जे पाहत आलो त्यावरून माझं मत असं झालंय की हेल्मेट, मास्क, सिग्नल ही निमित्तं असतात. त्यांची पावती फाटते. थप्पड बसते ती उलट उत्तराची.

कुठलाही चौक घ्या. सिग्नलच्या पुढे, झाडाच्या सावलीत तिघं-चौघं उभे असतात. एक जण अचानक रस्त्यात येतो, गाडीसमोर आडवा होतो, आणि लायसन्स मागण्याआधीच त्याचा हात चाबीकडे जातो. खटकन इंजिन बंद. चाबी त्याच्या मुठीत. आता गाडीवरचा पोरगा, पाठीवर खाण्याच्या डब्यांची चौकोनी पिशवी, एका पायावर गाडी तोलत उभा. मागून हॉर्न वाजताहेत, मोबाइलवर गिऱ्हाइकाचा फोन वाजतोय. "साहेब, चाबी तर द्या, गाडी साइडले घेतो." इथवर ठीक. पण तो जर म्हणाला, "चाबी काहून काढली? चालान करा ना," तर चेहरे बदलतात. सावलीतले दोघं जवळ येतात. कॉलर पकडली जाते. "कायदा शिकवतं का बे?" पोरगा मग गप्प होतो. बहुतेक पोरं गप्प होतात, म्हणून बहुतेक नाकाबंद्या बिनबोभाट पार पडतात.

गंमत अशी की पोरगा म्हणाला ते बरोबर होतं. मोटार वाहन कायदा, 1988 पोलिसाला कागदपत्रं मागण्याचा अधिकार देतो. ठरावीक कारणांसाठी कागद जप्त करण्याचा, गाडी अडकवून ठेवण्याचाही देतो. चाबी हिसकण्याचा अधिकार त्यात मला कुठं सापडला नाही. हेल्मेट नसेल तर 2019 च्या दुरुस्तीनं 1000 रुपये दंड ठरवलाय. एवढंच काय, न ऐकण्याचाही भाव ठरलेला आहे: अधिकाऱ्याचा कायदेशीर हुकूम मोडला तर कलम 179 खाली 2000 रुपये. म्हणजे मुजोर माणसाचं काय करायचं हा प्रश्न कायद्यानं मोकळा सोडलेलाच नाही. अंगावर कुणी धावून आलाच तर त्याला आवरण्यापुरतं, अटक करण्यापुरतं बळ वापरायची मुभाही आहे. पण अटकेतल्या माणसावर, तो पळून जाऊ नये यासाठी लागेल त्याहून जास्त बंधन घालायचं नाही, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 49 मध्ये होतं आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 46 मध्येही आहे. जिथं जादा बंधनही चालत नाही तिथं लाथेला जागा कुठून येते?

आणि हात सगळ्यांवर उगारला जात नाही, हे तर आपण सगळे जाणतो. आधी गाडी पाहिली जाते. मोठ्या काळ्या गाडीची काच अर्धी खाली होते, आतून एक मोबाइल बाहेर येतो, "भाऊशी बोला," आणि चाबीचा प्रश्नच मिटतो. त्या गाडीतला माणूस पोलिसाला काय वाट्टेल ते बोलून जातो. मग त्या अपमानाचं काय होतं? तो कुठंतरी उतरतोच, आणि उतरतो मागून येणाऱ्या जुन्या स्प्लेंडरवर. पारडीचा माणूस कुणाला फोन लावू शकला असता, असा विचार माझ्या मनातून जात नाही.

पोलिसाच्या बाजूनं बोलायचं तर खूप आहे, आणि ते बोललंच पाहिजे. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळिसावर, डांबर बुटाला चिकटतंय, उड्डाणपुलाच्या बांधकामाची धूळ, आणि त्यात तासन् तास उभं राहायचं. त्यांच्या जिवावरही बेततं. नोव्हेंबर 2020 मध्ये सक्करदऱ्यात गाडी अडवायला गेलेल्या वाहतूक पोलिसाला चालकानं बॉनेटवर फरफटत नेलं होतं. ती दृश्यं देशभर दिसली. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत खारला विनाहेल्मेट पोराला अडवलं म्हणून वाहतूक शाखेच्या विलास शिंदे यांच्या डोक्यात लाकडी दांडकं घातलं गेलं आणि त्या महिन्याच्या अखेरीला ते गेले. आपलं काम करताना मेलेला माणूस. अशा बातमीनंतर दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहणाऱ्या शिपायाच्या मनात काय चालत असेल, हे कूलरसमोर बसून लिहिणाऱ्यानं विसरू नये.

पण ही कारणं थकव्याची, चिडण्याची आहेत. मारण्याचा परवाना त्यांतून निघत नाही. दवाखान्यातली परिचारिकाही थकते, एसटीचा वाहकही शिव्या खातो, त्यांच्या हाती काठी नाही एवढंच. शिवाय नेहमी चिडूनच मारलं जातं असंही नाही. मार्च 2018 मध्ये तामिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेट नसलेल्या जोडप्याचा पाठलाग करून एका निरीक्षकानं चालत्या दुचाकीला लाथ मारली. मागं बसलेली बायको पडली आणि गेली. तिथं कुणी अंगावर आलं नव्हतं. थांबायला सांगितलं आणि ते थांबले नाहीत, एवढंच घडलं होतं.

मग उपाय काय, असं विचारलं की हल्ली सगळे कॅमेऱ्याकडे बोट दाखवतात. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर 2020 मध्ये देशातल्या प्रत्येक ठाण्यात सीसीटीव्ही लावायला सांगितलं, ते योग्यच झालं. पण कॅमेऱ्यावर माझा तेवढा भरवसा नाही. जानेवारी 2023 मध्ये अमेरिकेत मेम्फिसला टायर निकोल्स या तरुणाला गाडी थांबवून पोलिसांनी मारलं, तीन दिवसांनी तो मेला. मारणाऱ्यांच्या अंगावर कॅमेरे होते, वरती खांबावरही होता. सगळं चित्रित होत होतं तरी हात थांबले नाहीत. आपल्याकडचे टाळेबंदीतले व्हिडिओ तर कित्येकदा मारणाऱ्यांच्या बाजूनंच काढलेले दिसत. ज्याला आपण चूक करतोय असं वाटतच नाही, आणि पाहणाराही शाबासकी देणार याची खात्री आहे, तो कॅमेऱ्याला का भिईल?

भीती वाटायला हवी ती तक्रारीची, आणि तिथं आपला कारभार फार लांबणीचा. नागपूरचंच उदाहरण आहे. जून 1993 मध्ये इथं एका संशयिताचा पोलिसांच्या मारहाणीत मृत्यू झाला. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात शेवटाला गेलं सप्टेंबर 2018 मध्ये. न्यायालयानं पोलिसांची तीन वर्षांची शिक्षा वाढवून सात वर्षं केली. निकाल कडक होता, पण मध्ये पंचवीस वर्षं गेली होती. आणि हे जीव गेल्यावरचं. ज्याची फक्त कॉलर फाटली, कानशील सुजलं, तो कुठं जाणार? ज्या ठाण्याच्या माणसानं मारलं त्याच ठाण्यात अर्ज घेऊन? तिथला हवालदार कागद हातात घेऊन वरपासून खालपर्यंत वाचतो आणि विचारतो, "गाडीचे कागद आहेत का पुरे?"

यासाठीच सर्वोच्च न्यायालयानं 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरणं नेमायला सांगितली होती. महाराष्ट्रानं 2014 मध्ये कायदा बदलून राज्याला आणि विभागांना तशी तरतूद केली. तुमच्या ओळखीतल्या दहा जणांना विचारा, हे नाव कुणी ऐकलंय का.

आपल्या चौकातल्या बॅरिकेडांवर सराफांच्या, कोचिंग क्लासच्या, प्लॉट विकणाऱ्यांच्या जाहिराती असतात. माझी पोलीस आयुक्तांना विनंती आहे की प्रत्येक बॅरिकेडवर त्या जाहिरातीखाली एका ओळीची जागा काढावी आणि तिथं या प्राधिकरणाचा पत्ता व फोन नंबर मराठी आणि हिंदीत रंगवून घ्यावा.