दहावा हात

जास्त हात करील तो जिंकतो, हे मराठी घरातल्या मुलाला पत्ते पिसायला येण्याआधीच ठाऊक झालेलं असतं. मेंढीकोटात कोट चढला की घर डोक्यावर घेतलं जातं. दोघंच असतील तर सात-आठ: 30 पानं, एकाने सात हात करायचे, दुसऱ्याने आठ, आणि वरचे हात झाले तर पुढच्या डावात समोरच्याची पानं ओढून वसुली. पिके हा फ्रेंचांचा दोघांचा जुना खेळ, त्यातही बाराच्या बारा हात एकट्याने केले तर 40 गुण वरचे मिळतात. अशा खेळांवर वाढलेला माणूस ‘द फॉक्स इन द फॉरेस्ट’ खेळायला बसतो, धडाधड दहा हात करतो आणि त्याच्या नावापुढे शून्य लिहिलं जातं. समोरचा तीनच हातांवर सहा गुण घेऊन मोकळा होतो.

जोशुआ ब्युर्गल यांनी रचलेला हा खेळ फॉक्सट्रॉट गेम्स आणि रेनेगेड गेम स्टुडिओज यांनी 2017 साली अमेरिकेत बाजारात आणला. जेनिफर मायर यांच्या चित्रांमुळे तो हातात घेताक्षणी परीकथेच्या पुस्तकासारखा वाटतो. जोडात पानं फक्त 33. इस्पिक-बदामाच्या जागी तीन रंग आहेत, घंटा, किल्ली आणि चंद्र, आणि प्रत्येक रंगात एक ते अकरा आकडे. दोघांना तेरा-तेरा पानं वाटायची, एक पान उताणं ठेवायचं. ते फर्मान, त्याचा रंग तो हुकूम. उरलेली सहा पानं पालथी बाजूला.

या सहा पानांत मोठी अक्कल आहे. दोघांच्या खेळाची जुनी अडचण अशी की सगळी पानं वाटून टाकली, तर आपल्याकडे नसलेलं प्रत्येक पान समोरच्याकडेच असणार. मग अंदाज कसला, निव्वळ हिशेब उरतो. इथे मात्र न दिसणारी पानं सहा. चंद्राची दश्शी अजून पडलेली नाही. ती समोरच्या हातात आहे की गठ्ठ्यात झोपली आहे? हुकूम मारताना हा प्रश्न सारखा टोचत राहतो. एरवी नियम ओळखीचेच: आलेल्या रंगाचं पान असेल तर तेच टाकायचं, नसेल तर हुकूम मारा नाहीतर दुसरं काही फेका.

सम आकड्यांची पानं साधी आहेत. विषम आकड्यांवर मात्र गोष्टीतली मंडळी येतात. तिरी म्हणजे कोल्हा: तो टाकणाऱ्याला फर्मानाचं पान उचलून त्या जागी आपल्या हातातलं पान मांडता येतं. म्हणजे समोरच्याने जपून ठेवलेले तीन हुकूम एका क्षणात भाजीपाल्याची पानं होऊ शकतात. पंजी लाकूडतोड्याची, तो गठ्ठ्यातलं एक पान उचलतो आणि एक पान तळाशी सरकवतो. सत्तीवर खजिना आहे, हात जिंकणाऱ्याला दर सत्तीमागे एक गुण. अकरावर राजसत्ता: ती उतारीला आली की समोरच्याने त्या रंगाचं आपलं सर्वांत मोठं पान किंवा एक्का टाकलाच पाहिजे, लहानसहान पान देऊन सुटका नाही. आणि नव्वी ही चेटकीण. हातात ती एकटीच आली तर कुठल्याही रंगाची असो, हुकमाची मानली जाते. दोन चेटकिणी समोरासमोर आल्या की दोघींची जादू संपते. कितीतरी खेळांत गोष्ट नुसती खोक्यावर छापलेली असते. इथे प्रत्येक पान स्वभावाप्रमाणे वागतं, आणि या खेळाचं मोठेपण त्यात आहे.

पण सगळ्यांत जास्त परीकथा गुणांच्या तक्त्यात आहे. शून्य ते तीन हात करणारा नम्र ठरतो, त्याला सहा गुण. चार हातांना एक, पाचांना दोन, सहांना तीन. सात ते नऊ हातांना पुन्हा सहा. दहा किंवा त्याहून जास्त झाले की तो हावरट, गुण शून्य. 21 गुणांपर्यंत डाव चालतात.

ग्रिम बंधूंच्या 1812च्या संग्रहातल्या कोळ्याच्या बायकोची इथे आठवण होते. जादूच्या माशाकडे ती आधी घर मागते, मग वाडा, मग राणीपद, सम्राज्ञीपद, पोपची गादी, आणि शेवटी देव व्हायला निघते तेव्हा पुन्हा आपल्या मोडक्या झोपडीत येऊन पडते. दहावा हात हा तोच शेवटचा हट्ट. त्याच संग्रहात सोन्याच्या पक्ष्याची गोष्ट आहे. तिथे सल्ला देणारा कोल्हाच आहे: पक्षी लाकडी पिंजऱ्यातच राहू दे, शेजारच्या सोन्याच्या पिंजऱ्यात ठेवू नकोस. राजपुत्राला राहवत नाही, पक्षी किंचाळतो, पहारेकरी जागे होतात. ब्युर्गल यांच्या मनात नेमकी कुठली गोष्ट होती याला महत्त्व नाही. ज्याने लहानपणी अशा गोष्टी ऐकल्या आहेत, त्याला हा तक्ता समजावून सांगावा लागत नाही.

प्रत्यक्षात हे कसं घडतं ते पाहण्यासारखं आहे. समजा, किल्ली हुकूम आहे. थोरल्या बहिणीचे आठ हात झालेत, धाकट्या भावाचे तीन, आणि दोनच हात बाकी. बहिणीला आता एक तरी हात हरायचाय. तिच्याकडे चंद्राची दुरी आणि घंटेची अठ्ठी. ती दुरी उतरते. एवढ्याशा पानाने हात होईल कसा? भाऊ चंद्राचा एक्का टाकतो. इथला एक्का सगळ्यांत लहान, त्यावर राजहंसाचं चित्र, आणि राजहंस हात हरला की पुढची उतारी त्याची. बहिणीचे नऊ. भाऊ घंटेची चौकी पुढे करतो, बहिणीला अठ्ठी द्यावीच लागते. दहा! तो राजहंस भावाने मुद्दाम मागे ठेवलेला होता. वाटपात फाटकी पानं आली म्हणून कुरकुरणारा गडी या खेळात हळूहळू ती पानं प्रेमाने सांभाळायला लागतो.

2020 साली याचं ‘ड्युएट’ हे भावंड आलं. त्यात दोघं एकाच बाजूचे, जंगलातल्या वाटेवरची रत्नं मिळून गोळा करायची, आणि हात जिंकणाऱ्याकडे सोंगटी सरकते. एकानेच हात ओढत राहिलं तर ती वाट सोडून जाते. छान खेळ आहे, पण मूळ खेळाची धार त्याला नाही. ती धार तीन आणि चार हातांच्या मध्ये आहे. तीन हातांना सहा गुण, चारांना एक. तीन करून गप्प बसलेल्या खेळाडूच्या गळ्यात समोरचा मुद्दाम चौथा हात घालतो, आपलं मोठं पान लपवून लहान पान उतरतो, आणि पहिल्याला नको असलेला तो हात उचलावा लागतो. मग त्याच्यापुढे रस्ता एकच: होते नव्हते ते सगळे हुकूम बाहेर काढून सातांकडे धावत सुटायचं.