शांततेचं पंचांग

दंगल पेटते त्या रात्री मोहल्ला कमिटीच्या हातात फार थोडं उरलेलं असतं. त्या रात्री नव्या ओळखी होत नाहीत, नवा विश्वास बसत नाही. ज्यांचे नंबर आधीपासून आपल्याकडे आहेत आणि आपला आवाज ऐकताच जे दार उघडतील, तेवढीच माणसं कामाला येतात. म्हणून आमचं काम वर्षाच्या उरलेल्या दिवसांचं आहे. 1993 च्या दंगलींनंतर मी मध्य मुंबईतल्या मोहल्ला कमिटीच्या कामात आले आणि आजही ते करते आहे. ‘तुम्ही नेमकं करता काय?’ असं मला नेहमी विचारतात. दंगल झाली नाही याची बातमी होत नाही, त्यामुळे लोकांना आमचं काम दिसत नाही. या लेखात ते मांडते.

या कामाची मुळं भिवंडीत आहेत. 7 मे 1970 रोजी तिथं शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी दंगल उसळली आणि जळगाव, महाडपर्यंत तिचे पडसाद उमटले. न्यायमूर्ती मादन आयोगानं तिची चौकशी केली. तरी 1984 च्या मे महिन्यात भिवंडी पुन्हा जळाली. 1988 मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून तिथं आले. सणाच्या तोंडावर पुढाऱ्यांची शांतता समिती बोलवायची, चहापान करायचं आणि आवाहन काढायचं, ही रीत त्यांना अपुरी वाटली. त्यांनी शहरभर सुमारे 70 मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार, शिक्षक असे दोन्ही समाजांतले साधे लोक आणि त्या भागातले पोलीस नियमित एकत्र बसू लागले. बोलणं गल्लीतल्या रोजच्या कटकटींचं असे, आणि बोलता बोलता माणसं एकमेकांना नावानं ओळखू लागली. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मधल्या मुंबईच्या दंगलींत, त्यांची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, 900 माणसं मेली. हाकेच्या अंतरावरची, दंगलींचा एवढा इतिहास असलेली भिवंडी शांत राहिली. त्यातून धडा घेऊन 1994 मध्ये मुंबईतही मोहल्ला कमिट्या सुरू झाल्या. त्यामागे तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे होते.

राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी 1950 ते 1995 या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींचा अभ्यास केला. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकातल्या आकडेवारीनुसार दंगलींत मेलेल्यांपैकी खेड्यांतले लोक चार टक्क्यांहूनही कमी होते. दंगल हा शहराचा रोग आहे. शहर मोठं असल्यानं नुसता शेजारधर्म तिथं पुरत नाही, असं ते दाखवतात. व्यापारी संघ, कामगार संघटना, क्लब, मंडळं अशा संस्थांमध्ये दोन्ही समाजांची माणसं जिथं एकत्र काम करत असतील, तिथं अफवा आली तरी आग लागत नाही. आमचा अनुभव अगदी हाच आहे. ईदेला शिरखुर्मा आणि दिवाळीला फराळ पोचवणारी घरंसुद्धा तणावाच्या दिवसांत दारं लावून घेतात. एकाच ट्रस्टवर, एकाच शाळेच्या पालक समितीवर किंवा एकाच बाजारपेठेत असलेली माणसं मात्र एकमेकांना फोन करतात, कारण उद्या पुन्हा त्यांना सोबतच काम करायचं असतं.

आमच्या वर्षाची सुरुवात एका साध्या कामानं होते. पहिल्या बैठकीत मराठी दिनदर्शिका आणि उर्दू जंत्री शेजारी शेजारी ठेवायच्या आणि कोणते सण एकमेकांवर येतात ते काढायचं. हिजरी वर्ष निव्वळ चंद्रावर चालतं, ते 354-355 दिवसांचं असतं, म्हणून मुसलमानांचे सण दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतात. हिंदू पंचांगात दर अडीच-तीन वर्षांनी अधिक महिना घातला जातो, त्यामुळे सण ऋतूला धरून राहतात. दोन्हीकडे महिना चंद्राचाच. अमावस्येनंतरची कोर दिसली की हिजरी महिना लागतो, म्हणजे साधारण शुद्ध द्वितीयेला. त्यामुळे हिजरी महिन्याची दहावी तारीख शुद्ध एकादशीच्या आसपास येते आणि बारावी त्रयोदशीच्या. म्हणजे जिल्हेज किंवा मोहरम आषाढात आला की त्याची दहावी तारीख, म्हणजे बकरी ईद किंवा आशुरा, आषाढी एकादशीच्या आसपास येणारच. 2022 मध्ये 10 जुलैला आणि 2023 मध्ये 29 जूनला आषाढी आणि बकरी ईद एकाच दिवशी होत्या. 2024 मध्ये 17 जुलैला आणि 2025 मध्ये 6 जुलैला आषाढी आणि आशुरा एकत्र आले. ईद-ए-मिलाद रबी-उल-अव्वलच्या बाराव्या तारखेला असते. तो महिना भाद्रपदात आला की ती अनंत चतुर्दशीला खेटते आणि 2023 ते 2025 अशी सलग तीन वर्षं तेच घडलं. हे कोणावर अचानक कोसळत नाही. पंचांग कळणारा माणूस हे कित्येक वर्षं आधी सांगू शकतो. ‘सण एकत्र आले आणि तणाव निर्माण झाला’ असं पोलीस टिपणात वाचलं की मला वाटतं, तयारीला एवढा वेळ असताना आपण सगळे काय करत होतो?

दिवस एकत्र आले की काय हलवता येतं आणि काय नाही, हे दोन्ही धर्मांच्या जाणकारांना विचारावं लागतं. विसर्जन अनंत चतुर्दशीलाच होणार, आशुरा दहा मोहरमलाच. तिथं फक्त वेळ आणि रस्ता यांवर बोलता येतं. कुर्बानीला मात्र तीन दिवस असतात, म्हणून आषाढीच्या दिवशी कुर्बानी न करता ती दुसऱ्या दिवशी करण्यात धर्माचं काही मोडत नाही. 2023 मध्ये राज्यातल्या अनेक गावांतल्या मुसलमानांनी आपण होऊन तसं ठरवलं. मिलादचा जुलूसही पुढं नेता येतो. 2023 मध्ये ईद आणि विसर्जन दोन्ही 28 सप्टेंबरला होते, तेव्हा मुंबईचा जुलूस 29 ला निघाला. 2024 मध्ये तो 18 सप्टेंबरला गेला आणि 2025 मध्ये 8 सप्टेंबरला. सलग तीन वर्षं एका समाजानं आपल्या सणाची मिरवणूक शेजाऱ्यासाठी पुढं नेली. एवढी मोठी गोष्ट शहरानं दोन ओळींच्या बातमीत संपवली याचं मला दुःख आहे. आमच्या वस्तीत त्या वर्षांत गणेश मंडळाचे कार्यकर्ते जुलुसाच्या वाटेवर पाणी घेऊन उभे राहिले. देणं-घेणं दोन्ही बाजूंनी झालं तरच पुढच्या वर्षी कोणाकडे काही मागता येतं.

मिरवणुकीच्या दिवशीचं आमचं काम अगदी बारीक असतं. मशिदीजवळच्या नाक्यावर मंडळाचा एक आणि मशिदीच्या ट्रस्टचा एक, असे दोघे जोडीनं उभे राहतात. नमाजच्या वेळांचा कागद प्रत्येक मंडळाकडे आधीच दिलेला असतो. ढोल कुठं थांबवायचे आणि कुठून पुन्हा सुरू करायचे, हे रस्त्यावर आदल्या दिवशी चालत जाऊन ठरवलेलं असतं. सगळ्यात जास्त लक्ष आम्ही दोन मंडळांमधल्या अंतराकडे देतो. मागचं मंडळ पुढच्याला येऊन भिडलं की मिरवणूक तुंबते, तुंबलेली पोरं कंटाळतात, घोषणा बदलतात, आणि नेमकं ते मशिदीसमोर किंवा देवळासमोर घडलं तर साध्या खोळंब्याला धर्माचा रंग चढतो. मिरवणूक चालती ठेवणं ही शांततेची अर्धी तयारी आहे.

बाकीचं वर्षही मोकळं नसतं. 1 जानेवारीला भीमा कोरेगावला जाणाऱ्यांच्या बस वस्तीतून सुटतात. 2018 मध्ये त्या दिवशी तिथं हिंसाचार झाला, तेव्हापासून त्या दिवसाआधी आम्ही सगळ्या समाजांच्या तरुणांना एकत्र बसवतो, कारण जातीचा ताणही आमच्याच कामाचा भाग आहे. 30 जानेवारीला गांधीजींच्या स्मरणार्थ मौन पाळतो. फाल्गुन आणि रमजान एकत्र आले की धुळवडीच्या रंगाची आणि नमाजची वेळ ठरवून घ्यावी लागते. 2025 ची धुळवड तर 14 मार्चला, शुक्रवारी, म्हणजे जुम्याच्या दिवशी होती. 1 जुलैला आम्ही मुलांना वसंतराव हेगिष्टे आणि रजब अली लाखाणी यांची गोष्ट सांगतो. 1946 मध्ये याच दिवशी अहमदाबादेत रथयात्रेच्या वेळी दंगल झाली. मराठी घरातले वसंतराव आणि त्यांचे मित्र रजब अली, दोघे सेवादलाचे कार्यकर्ते, जमावाला अडवायला एकत्र गेले आणि एकत्र मारले गेले. अहमदाबादेत आजही त्यांची आठवण जागवली जाते. महाराष्ट्रात वसंतराव हेगिष्टे हे नाव माहीत असलेला तरुण मला क्वचितच भेटतो. 6 डिसेंबरला एकीकडे बाबरी मशीद पाडल्याच्या आठवणीमुळे बंदोबस्त असतो, दुसरीकडे महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीकडे लाखो माणसं चाललेली असतात. त्या दिवशी आमच्या तिन्ही-चारी समाजांचे कार्यकर्ते पाणी आणि जेवण वाटायला उभे असतात. एकत्र राबलेल्या माणसांना एकमेकांबद्दल काहीही सांगून भडकवणं अवघड जातं.

अफवेचं काम मात्र तारीख बघून येत नाही. अफवा ठरावीकच असतात. अमक्या देवळाजवळ मांस सापडलं, तमक्या ठिकाणी मूर्ती किंवा पवित्र ग्रंथाचा अवमान झाला, अमुक मुलीला पळवलं. आमची पद्धत अनुभवातून ठरली आहे. दोन्ही समाजांतला एकेक माणूस मिळून त्या जागेवर जातो आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. मग प्रत्येक जण आपल्या आवाजात, आपलं नाव सांगून, आपल्याच लोकांच्या ग्रुपवर निरोप टाकतो. अफवेचा फोटो खोडून काढण्यासाठीसुद्धा पुढं पाठवायचा नाही, कारण खुलासा मागे राहतो आणि फोटो पुढं जातो. ज्यानं तो प्रथम टाकला त्याच्या घरी ओळखीचा माणूस जातो, आईवडिलांसमोर बसून बोलतो. बहुतेक वेळा तो शाळा-कॉलेजातला मुलगा निघतो आणि तेवढ्यानं भागतं. मात्र घटना खरीच घडली असेल तर ती लपवायची नाही. खोटं बोललेली कमिटी पुन्हा कोणी ऐकत नाही.

इथं एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला शांततेच्या नावाखाली गप्प बसवणं हे आमचं काम नाही. मारहाण झाली तर तक्रार नोंदवायला आम्ही सोबत जातो, साक्षीदाराला धीर देतो, नुकसानभरपाईचे कागद भरून देतो. श्रीकृष्ण आयोगानं 1998 मध्ये अहवाल दिला. त्यातल्या शिफारशींची नीट अंमलबजावणी झाली असती, तर मुंबईतल्या कितीतरी घरांचा कायद्यावरचा विश्वास टिकला असता. न्याय न मिळालेली जखम पुढच्या पिढीकडे जाते, तिथं कुणीतरी तिचा उपयोग करून घेतो. आणि ज्यांना दंगल घडवायचीच आहे, ज्यांच्यामागे पैसा आणि सत्ता आहे, त्यांना आमच्यासारखी कमिटी एकटी रोखू शकत नाही. त्यासाठी निःपक्षपाती पोलीस आणि निडर प्रशासन लागतं. पण त्यांच्यामागे जाणारी गर्दी कमी करणं आमच्या हातात आहे, आणि गर्दी नसेल तर दंगलखोर थोडेच असतात.

आज मला काळजी वाटते ती कमिट्यांच्या वयाची. 1993 पाहिलेली पिढी थकली आहे. बायका अजून टिकून आहेत. बचत गटात आणि पाण्याच्या रांगेत काय बोललं जातं ते त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं, आणि त्या न लाजता येऊन सांगतात. तरुणांसाठी मुंबईत मोहल्ला कमिट्यांनी क्रिकेटचे सामने सुरू केले. दोन्ही समाजांची मुलं एकाच संघात, पोलीसही मैदानात. आमच्या वस्तीतले जुने खेळाडू आज मंडळांचे आणि ट्रस्टचे पदाधिकारी आहेत, त्यांचे एकमेकांना फोन होतात. नवी मुलं मात्र मैदानावर कमी आणि मोबाइलवर जास्त भेटतात. शिवाय आता वस्त्याच वेगळ्या होत चालल्या आहेत. एका समाजाच्या इमारतीत दुसऱ्याला घर मिळत नाही. मुलं शेजारी वाढलीच नाहीत तर त्यांची ओळख घडवून आणावी लागते. त्यासाठी वेळ देणारी माणसं हवीत.

2026 मध्ये होळी पुन्हा रमजानात येते आणि गुढीपाडव्यामागोमाग ईद. नंतर ज्येष्ठात अधिक महिना पडतो, त्यामुळे आषाढी आणि मोहरम, विसर्जन आणि मिलाद यांची ताटातूट होते. ते एकत्र येण्याचा मेळ पुन्हा साधारण 32-33 वर्षांनी जमतो. अशी सोपी वर्षं मला अवघड वाटतात, कारण पंचांग भाग पाडत नसलं की बैठका बंद पडतात, नंबर जुने होतात. या वर्षांत माणसं जोडली नाहीत तर तणावाच्या दिवशी आपल्याकडे कोणी नसेल. वाचकांना माझी विनंती एवढीच आहे. तुमच्या वस्तीत मोहल्ला कमिटी असेल तर तिच्या बैठकीला जा. नसेल तर दुसऱ्या धर्माच्या, दुसऱ्या जातीच्या चार माणसांना सोबत घेऊन एखादं रोजचं काम हाती घ्या. नळाचं, कचऱ्याचं, शाळेचं, कुठलंही. ते येत्या सुट्टीतच सुरू करा.