खाली माग, वर आम्ही

आमच्या ऑफिसात टेबलावरचा चहा कधी स्वस्थ बसत नाही. खाली वडिलांचे चार यंत्रमाग चालतात आणि कपात बारीक वलयं उठत राहतात. नवीन आलेली पोरं पहिले दोन दिवस ती बघत बसतात, मग विसरतात. परदेशातल्या ग्राहकाला मात्र विसरता येत नाही. मागांचा आवाज ऐकून ‘तुमच्याकडे पाऊस पडतोय का?’ असं त्याने एकदा मीटिंगमध्ये विचारलं. मे महिना होता, सोलापूर 44 अंशांवर. मी हो म्हणालो.

पाच जण होतो तोवर यात काही वावगं वाटलं नाही. सोलापूरच्या पूर्व भागात कामासाठी वेगळी जागा म्हणजे चैन. मागाशेजारीच पाळणा, आणि कांड्या भरता भरता आमटीला फोडणी. 1877 साली इथे जुनी गिरणी सुरू झाली, मग आणखी गिरण्या आल्या, शहर भोंग्यावर उठू-झोपू लागलं. त्या एकेक करून बंद पडल्या. घरातला माग टिकला. तेव्हापासून घरात धंदा म्हणजे शहाणपण, हे आमच्या डोक्यात पक्कं बसलंय. या शहाणपणाचं बिल कोण भरतं, ते कुणी विचारत नाही. आई उशी झटकते तेव्हा अजून कापसाची तूस उडते. आमच्या घरात हळू आवाजात बोलणारं माणूसच नाही. पाहुण्यांना वाटतं, भांडण चाललंय.

आता आम्ही सतरा आहोत. शौचालय एक, तेही वडिलांच्या कामगारांबरोबर. मुली दिवसभर पाणी कमी पितात, हे मला दोन वर्षांनी कळलं आणि कळलं तेव्हा लाज वाटली. महत्त्वाचं बोलायचं असलं की जिन्यात जायचं. मुलाखतीही तिथेच.

गेल्या वर्षी आमचा सगळ्यात चांगला मुलगा नोकरी सोडून पुण्याला गेला. पगार हे कारण नव्हतं. वाढलेला पगार पुण्यातलं खोलीभाडंच खातं. मुलीकडची मंडळी त्याचं ऑफिस बघायला आली होती. टॉवेलचे गठ्ठे ओलांडून जिना चढली, वर टेकली, चहातली वलयं बघितली आणि ‘कळवतो’ म्हणून गेली. इथल्या वालचंदमध्ये 1983 पासून इंजिनिअर घडतायत. सकाळी साडेसहाची हुतात्मा एक्सप्रेस त्यांना पुण्याला पोचवते. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेलेल्या चार सोलापूरकरांच्या नावाची गाडी ही, आणि तिचा एवढाच उपयोग आम्हाला सुचावा!

ऑफिस म्हणजे काचेची इमारत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. सोलापूरच्या उन्हात काचेच्या भिंती लावणाऱ्याला मे महिन्यात आत कोंडावं. मला हवी होती दार लावलं की शांत होणारी एक खोली, वीज गेली तरी चालणारे संगणक, आणि पोराच्या आईला येऊन निवांत बसता येईल अशी चार खुर्च्यांची जागा.

वडिलांना सांगायला महिना घेतला. त्यांचा मजला सोडून जातोय म्हणजे त्यांना काय वाटेल, ही धास्ती. त्यांनी ऐकलं, माग थांबवला आणि मला कोपऱ्यात नेलं. तिथल्या एका शहाबादी फरशीवर टाच आपटली. पोकळ आवाज आला.

“आजोबांचा खड्डामाग इथं होता. बुजवला तेव्हा दोन दिवस जेवले नाहीत ते,” वडील म्हणाले. “पण यंत्रमाग खड्ड्यात कसा बसवायचा?”

आणि माग पुन्हा सुरू केला.

होटगी रस्त्याला जागा घेतली आहे. भाडं तिप्पट, शौचालयं दोन.