फणसोंबा आणि अण्णांची साखर

बुरशी म्हटले की आपण नाक मुरडतो. पण १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला तो बुरशीतूनच, आणि आमच्या आजीचा तर तिच्यावर पूर्वीपासूनच विश्वास. कोकणात फणसाच्या खोडावर कानासारखा कठीण फणसोंबा वाढतो. मुलांची लाळ गळू लागली की तो सहाणेवर उगाळून तोंडात लावायचा. पावसाळ्यात बोरिवली स्टेशनबाहेर आदिवासी बायका विकतात ती अळंबी भाजीची, फणसोंबा औषधाचा. हा भेद तिला पक्का ठाऊक.

म्हणूनच मुलुंडच्या आमच्या घरी एक परिचित गृहस्थ ‘गॅनोडर्मा’ या औषधी अळंबीच्या कॅप्सूल घेऊन आले, तेव्हा कुणाला नवल वाटले नाही. अण्णांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली होती. “तीन महिन्यांत गोळ्या सुटतील,” असे गृहस्थ म्हणाले. अण्णांनी दुसऱ्याच दिवशी सोडल्या!

मी वाचू लागलो. गॅनोडर्माच्या आणि फणसोंब्याच्या जातकुळीतल्या अळंब्यांच्या अर्काने प्रयोगशाळेतल्या उंदरांची साखर उतरल्याच्या नोंदी आहेत. पण माणसाचे काय? ऑस्ट्रेलियात ८४ जणांवर सोळा आठवडे प्रयोग झाला. काहींना खऱ्या कॅप्सूल, काहींना दिसायला तशाच पण औषध नसलेल्या. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: साखरेत फरक नाही.

हे सांगितले तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, “बारा वर्षं रोज गोळी गिळून बघ, मग बोल.”

मला उत्तर सुचले नाही. महिन्याभरात पायाची जखम चिघळली, साखर चढली, आणि डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला इन्सुलिन लिहून दिले.

त्या इन्सुलिनचीही गोष्ट मोठी आहे. १९२१ साली टोरांटोत ते आधी कुत्र्यांवर वापरले गेले. १९२२ च्या जानेवारीत चौदा वर्षांच्या एका मुलाला पहिली सुई टोचली, ती फारशी लागू पडली नाही. अर्क अधिक शुद्ध करून पुन्हा दिला, तेव्हा साखर उतरली. प्राण्यापासून माणसापर्यंतची ही वाट अळंबीला अजून चालायची आहे.

उद्या एखाद्या फणसाच्या खोडावरून मधुमेहाचे औषध निघेलही, निघाले तर सर्वांत आधी आमची आजी म्हणेल, “मी म्हणत नव्हते?” पण त्या गृहस्थांनी विकली ती अळंबी नव्हतीच, त्यांनी विकली सुटका. थकलेल्या माणसाला तीच सर्वांत आधी हवी असते, म्हणून ती विकणाऱ्याची जबाबदारीही सर्वांत मोठी.