पकड

मराठी समीक्षेत ‘पकड’ हा शब्द स्तुतिवाचक आहे. लेखकाची विषयावर पकड असते, कादंबरी वाचकाच्या मनाची पकड घेते, आणि ती कुठे सैल झाली की समीक्षक तत्परतेने तशी नोंद करतो. वर्गात आम्हीही हा शब्द वर्षानुवर्षे निःशंकपणे वापरत आलो. त्याविषयी पहिली शंका आमच्या मनात कुठल्या ग्रंथाने नव्हे, एका जुन्या मोटारीच्या क्लचने निर्माण केली.

मोटार मारुती एस्टीम. हे मॉडेल १९९४ साली आले आणि २००७ साली बंद झाले. तेराशे सीसीचे इंजिन आणि हलके अंग यांमुळे शर्यतीच्या हौशी मंडळींना ते प्रिय होते. नाशकाला मोटार-रॅलीची परंपरा आहे. तेथल्याच एका हौशी गृहस्थांकडून आम्ही ही गाडी घेतली. विकण्यापूर्वी त्यांनी इंजिनावरचे शर्यतीचे महागडे भाग काढून मूळचे बसवले. क्लच मात्र तसाच ठेवला, कारण तो बदलायचा तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो. ‘‘क्लच दणकट आहे सर, वर्षानुवर्षे बघायला नको,’’ असे ते म्हणाले. त्यात खोटे काहीच नव्हते.

क्लचचे काम वरवर सोपे आहे. इंजिन सतत फिरत असते, चाके थांबलेली असतात. या दोघांची गाठ घालून द्यायची. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट यांच्यामध्ये क्लचप्लेट दाबली जाते आणि घर्षणाने ती फिरू लागते. पण ही गाठ एकाएकी पडत नाही. क्षणभर प्लेट घसरत राहते, आणि त्या घसरण्यातच दोन भिन्न वेग एकमेकांशी जुळतात. चालक ज्याला ‘हाफ क्लच’ म्हणतात तो हाच क्षण. नेहमीच्या प्लेटवर घर्षण-अस्तराचे अखंड कडे असते, त्याखाली लवचीक पन्हळी पट्ट्या असतात, मध्यभागी झटके सोसणाऱ्या स्प्रिंगा असतात. आमच्या प्लेटवर यांपैकी काहीच नव्हते: सिरॅमिक-धातूच्या मिश्रणाचे सहा तुकडे, ताठ मध्यभाग आणि त्यांना दाबणारी दुप्पट कडक स्प्रिंग. ती एक तर सोडी किंवा धरी. मधली अवस्था तिला ठाऊक नव्हती.

शर्यतीत हा गुणच आहे. तेथे इंजिनाची वाढवलेली ताकद न घसरता चाकांपर्यंत जावी लागते. नांदगावात मात्र आम्हांला जायचे असे घरापासून महाविद्यालयापर्यंत, फार तर पंचवीसेक किलोमीटरवरच्या मनमाडपर्यंत. कांद्याच्या हंगामात बाजार समितीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते आणि गाडी हातहातभर पुढे न्यावी लागते. तेथे आमची एस्टीम एक तर बेडकासारखी उडी घेई किंवा बंद पडे. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवी, शेजारून आमचेच विद्यार्थी सायकलवरून हसत जात. डावा गुडघा रात्री ठणके. एकदा क्लचची केबलही तुटली.

आमच्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, या गोष्टीचा विशेष मनस्ताप होई. त्यांची उमेद मनमाडच्या मीटरगेजवर वाफेची इंजिने चालवण्यात गेली. वाफेच्या इंजिनाला क्लच नसतो. दट्ट्या दांड्यांनी थेट चाकांनाच जोडलेला असतो. वाफ घाईने सोडली तर चाके रुळांवर जागच्या जागी गरगरतात. म्हणून ती हळूहळू सोडायची, गरज पडल्यास रुळांवर वाळू टाकायची. अण्णांची एक कसोटी होती: गाडी सुटली हे प्रवाशाला फलाट सरकू लागल्यावर कळले पाहिजे. आमच्या शेजारी बसले की ते म्हणत, ‘‘अरे, गाडी उचलायची असते, फेकायची नसते.’’

आम्ही हसण्यावारी नेत असू. खरे सांगायचे तर त्या क्लचचा आम्हांला थोडा अभिमानच होता. साध्या मास्तराच्या गाडीत शर्यतीचा भाग!

पुढे अण्णांच्या कण्याची शस्त्रक्रिया नाशकात झाली. घरी परतताना सुमारे शंभर किलोमीटरचा रस्ता. डॉक्टरांनी धक्के टाळायला बजावले होते. भाड्याची गाडी करण्याचे सोडून, आपण सांभाळून नेऊ या भ्रमात आम्ही एस्टीमच काढली. प्रत्येक सिग्नलला, प्रत्येक गतिरोधकानंतर तो हिसका बसे. अण्णा दारावरची मूठ धरून डोळे मिटून बसले होते. नेहमीचे वाक्य त्यांनी त्या दिवशी एकदाही उच्चारले नाही. त्यांच्या त्या मौनाइतके कठोर परीक्षण आमच्या कुठल्याही लेखनाचे आजवर झालेले नाही.

त्या रात्री वर्ग आठवले. नवी समीक्षा-परिभाषा आम्ही मोठ्या असोशीने आत्मसात केली होती. ती जिथे घडली तिथे तिच्यामागे वाचनाचे आणि वादांचे प्रचंड इंजिन होते. आमच्यापाशी आली ती नुसती पकड. पहिल्या वर्षाच्या मुलासमोर कविता ठेवायची आणि त्याने ती दोनदा वाचण्याआधीच संज्ञेच्या चिमट्यात धरायची. मग ते पोर बंद पडले की त्याच्यात दम नाही म्हणायचे. कविता आणि वाचणारा यांचे वेग भिन्न असतात. ते जुळेपर्यंत थोडे घसरू देणे हा शिकवण्याचा ढिलेपणा नव्हे. शिकवणे म्हणतात ते बहुधा तेवढेच असते. अर्थात सदैव घसरणारा क्लचही जळतो, आणि कायम मोघम बोलणारा मास्तरही. अखेरीस धरावे लागतेच. प्रश्न असतो तो धरण्यापूर्वीच्या क्षणाचा.

आठवड्याभरात मिस्त्रींकडे गाडी नेली. गिअरबॉक्स उतरला, चरे पडलेले फ्लायव्हील घासून सपाट केले, साधी प्लेट आणि तिच्या जोडीची प्रेशर प्लेट बसली. काढलेली प्लेट हातात घेऊन मिस्त्री म्हणाले, ‘‘माल चांगला आहे सर, फक्त जागा चुकली.’’

अण्णा हिंडू-फिरू लागल्यावर त्यांना मनमाडला घेऊन निघालो. गल्लीच्या तोंडाशी थांबून पुन्हा गाडी काढली. अण्णा खिडकीबाहेर पाहत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘दुसरा गिअर जरा घाईने टाकलास.’’

पहिल्याबद्दल ते काहीच बोलले नाहीत.