बाबा, झिप काढा!

"एवढा महाग रेनकोट?" शनिवारी दुपारी ड्रायसूट बघून आईने विचारलं.

डोंबिवलीच्या मित्राने नॉर्वेहून आणलेला जुना सूट होता. पटला तर स्वस्तात घे म्हणाला. नवा घ्यायचा तर लाखाच्या पुढे, म्हणून मी खूश! माझं आजवरचं सगळं डायव्हिंग मालवण-तारकर्लीचं. तिथल्या कोमट पाण्यात साधा वेटसूटही पुरून उरतो. पण यंदा आइसलँडच्या सिल्फ्रात उतरायचं डोक्यात बसलंय. दोन भूपट्टांमधली भेग, आणि पाणी वर्षभर २ ते ४ अंश. तिथे ड्रायसूटच लागतो.

तर मंडळी, मी आधी रीतसर एक्सेल शीट केली (सवय!). निओप्रीन की ट्रायलॅमिनेट, झिप पुढे की पाठीवर, सील लॅटेक्सचे की सिलिकॉनचे. मित्राचा सूट ट्रायलॅमिनेट, झिप पाठीवर, सील लॅटेक्सचे. सगळ्या रकान्यांत 'चालेल'.

बाबांनी मागून झिप ओढली आणि मानेचा सील गळ्याला चिकटला. पाणी शिरू नये म्हणून तो घट्टच असतो, हे वाचलं होतं. श्वास नीट चालू होता, पण डोकं ऐकेना. मे महिना, पंखा फुल्ल, आणि मी ओरडतोय, "बाबा, काढा, काढा!" "अरे थांब, अडकलीय!" शेवटी आईने मानेला पावडर लावली तेव्हा सुटलो. त्या ओढाताणीत सील फाटला. दोन उन्हाळे माळ्यावर पडून लॅटेक्स आधीच चिकट झालं होतं. उष्णता त्याला सोसत नाही, आणि आपल्याकडे ती सोडून आहे काय!

रात्री झोप लागेना. १० मीटरवर सूटमधली हवा निम्मी होते, सूट अंगाला आवळतो, मग सिलिंडरमधून हवा भरायची. वर येताना तीच फुगते, ती दंडावरच्या व्हॉल्व्हने सोडायची. पायांत गेली तर माणूस उलटा वर खेचला जातो. आणि मला घरात, पंख्याखाली, दोन मिनिटं काही सुचलं नव्हतं. हा रकाना शीटमध्ये नव्हताच.

सिल्फ्रात डाइव्ह करायला ड्रायसूटचं प्रशिक्षण किंवा अनुभव आधी लागतो. नुसत्या स्नॉर्केलिंगला लागत नाही, सूट तेच देतात. यंदा स्नॉर्केलिंग. सूट विकत घेणं रद्द.

मित्राला नव्या सीलचे पैसे द्यायचेत. बाबा मात्र अजून विचारतायत, एकटा माणूस ती पाठीवरची झिप लावतो कशी? लावत नाही, बाबा. दुसरा कोणीतरी लागतोच.